जातं पोटाशी, कोंबड्या शेपटीशी

रामकिसन मेस्त्रीच्या गॅरेजात एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं गाडीत इंजिन बसवलं, त्यानं ती गाडी पुंडलिकनगरातून दौलताबादला न्यायची आणि परत आणायची. गाडी आपल्या चाकांनी परत आली, की त्या दिवसापासून त्याला 'मेस्त्री' म्हणायचं. वाटेत तिला माणसाचा हात लागला, एकदा जरी लोटावी लागली, तर सगळं फुकट. "लोटली ती लोटली," एवढंच रामकिसन म्हणायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचा.

केरबाची गाडी दोनदा लोटून झाली होती. पहिल्यांदा एक टेम्पो पडेगावपाशी उकळला. दुसऱ्यांदा जीप दौलताबादला जाऊन झकास परत आली आणि क्रांती चौकात बंद पडली. इंजिन ठणठणीत होतं, पेट्रोल संपलं होतं. केरबा पेट्रोल भरायला विसरला होता. तो म्हणाला, "मेस्त्री, यात इंजिनाचा काय गुन्हा?" रामकिसन म्हणाला, "इंजिनाला कोन बोलतंय? लोटली ती लोटली."

केरबा तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याचा बाप आप्पा मेंढरं राखायचा. केरबा मामाकडं राहून सातवीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. वाळूजला कंपन्या आल्यापासून आमच्या गल्लीत प्रत्येकाला काहीतरी नाव मिळालं होतं. कुणी ऑपरेटर, कुणी फिटर, कुणी सुपरवायझर. केरबा मात्र नुसता केरबा. त्याच्या लेकीचा शाळेचा फॉर्म मी भरत होतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तेवढं रिकामं सोडा. फेब्रुवारीपर्यंत जमा करायचाय ना? तवर बघू."

त्याच आठवड्यात तात्यासाहेब गॅरेजात आले. तात्यासाहेब म्हणजे वाळूजकडचे मोठे शेतकरी. वय साठ, अंगानं भरभक्कम, आवाज असा की बोलले तरी हाक मारल्यासारखं वाटावं. त्यांची बरीच जमीन कंपन्यांत गेली होती आणि हाताला काम उरलं नव्हतं. एके काळी त्यांची बैलजोडी शर्यतीत पाच गावांना भारी होती. या वेळी ते बैलांऐवजी एक लाल मोटार घेऊन आले होते. जुनी, इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, वर टप नाही. छावणीतल्या कुणा मेजरनं हौसेनं पाळलेली.

"रामकिसन," तात्यासाहेब म्हणाले, "ही आडवी चालली पाहिजे."

"आडवी? पडून?"

"पडून नव्हं रे. घरी केबल आल्यापास्नं बघतोय. जपानातली पोरं मोटार वळणावर अशी घसरत नेतात. तोंड एकीकडं, चाल दुसरीकडं. खेकड्यावानी! सव्वीस जानेवारीला दुपारी दौलताबादच्या माळावर मोटारींचा मेळा हाय. तिथं मला ही खेकड्यावानी चालवायचीय."

"हिच्यात तेवढा दम नाय, तात्यासाहेब. इंजिन बघा, शिवणयंत्रायेवढं."

"मग मोठं बसव."

रामकिसननं डावा खांदा चोळला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या एका मोर्चात त्या खांद्यावर लाठी बसली होती. तेव्हापासून जड काम त्याला होत नसे. त्यानं केरबाकडं बघितलं. "हे तू कर. सव्वीसला दौलताबादला जायचंच हाय. जाऊन आली तर बघू."

केरबाच्या हातातला पाना खाली पडला, तो त्यानं उचललाही नाही.

आता मोठं इंजिन कशाला, ते सांगतो. गुळगुळीत फरशीवर धावत येऊन एकदम वळून बघा. पाय घसरतात, अंग आडवं होतं, पण तोल सांभाळला तर आपण न पडता घसरत घसरत वळतो. मोटारीचं तसंच. इंजिन मागच्या चाकांना इतक्या जोरात फिरवतं, की चाकांची जमिनीवरची पकड सुटते. मग गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. चालवणाऱ्यानं स्टेअरिंग उलट्या बाजूला वळवून ती घसरण तशीच धरून ठेवायची. लहान इंजिनाला चाकांची पकड सोडवण्याइतका जोरच नसतो.

केरबाला एका कंपनीच्या भंगारात जीपचं इंजिन मिळालं. जुन्या इंजिनाच्या दुप्पट. साखळीच्या पुलीनं ते उचलून लाल मोटारीवर धरलं, तेव्हा म्हशीला वासराच्या गोठ्यात बांधल्यासारखं दिसत होतं. पण केरबानं ते बसवलं. पट्ट्या कापून, नव्या जोडून, बॉनेटला वर टेंगूळ काढून, महिनाभरात बसवलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा समोरच्या किराणा दुकानातल्या बरण्या वाजल्या.

चाचणी तात्यासाहेबांच्या उरलेल्या माळावर झाली. तात्यासाहेब फेटा बांधून चालवायला बसले, शेजारी केरबा. गाडी सुसाट निघाली. वळणावर तात्यासाहेबांनी स्टेअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली. गाडी मात्र वळली नाही. ती सरळ गेली, आणि थेट कडब्याच्या गंजीत घुसली. आम्ही धावत गेलो, तर गंजीतून आवाज आला, "धुरजड झालीय! पुढं ओझं जास्त झालं की बैलगाडी अशीच करती. बैलाच्या मानंवर सगळा भार!"

निदान बरोबर होतं. जड इंजिन अगदी पुढं बसलं होतं. आता उपाय काय? केरबानं माझ्याकडं बघितलं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मी लगेच तराजू सांगितला. "अरे, एक पारडं जड झालं तर दुसऱ्यात वजन टाकायचं. मागच्या डिकीत वाळूची पोती टाक. दोन्ही बाजू सारख्या."

"व्हय, गुरुजी," केरबा म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात शंका आली असणार, पण गुरुजींनी सांगितलं म्हणून चार पोती वाळू टाकली.

दुसऱ्या चाचणीत गाडी वळली. आधी वळायला तयार होईना. मग वळली ती थांबायला तयार होईना. एका जागी भोवऱ्यासारखी तीन वेळा फिरली. धुरळा बसला तेव्हा तात्यासाहेबांचं तोंड आमच्याकडं होतं आणि फेटा गळ्यात. "मला गंजी तीनदा दिसली," ते म्हणाले. "गुरुजी, तुमच्या तराजूला आग लावा."

सगळे हसले. मीही हसलो, पण केरबा हसला नाही. बारा दिवस उरले होते.

चौदा जानेवारीला संक्रांत. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. शहरात ठिकठिकाणी पोलीस उभे होते, दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. रामकिसननं गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं होतं आणि आत पेढ्यांचा पुडा उघडून बसला होता. मी गेलो तेव्हा तात्यासाहेब आधीच येऊन दारात उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात.

"त्या वक्ताला मी विरोधात होतो, रामकिसन," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"ठावं हाय. पेढा घ्या."

तात्यासाहेबांनी एक घेतला, खाल्ला, मग दुसरा घेतला. "गोड हाय," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

केरबा गाडीपाशी उकिडवा बसून होता. तो न बघताच म्हणाला, "सोळा वरसं, मेस्त्री. येका नावासाठी. नावानं येवढं काय होतंय?"

रामकिसन चटकन वळला. "काय होतंय? मग तुला जलमभर केरबाच म्हनू का? चालंल?"

केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तात्यासाहेब एवढ्या जोरानं हसले की बाहेरचा पोलीस डोकावून गेला. रामकिसननं त्यालाही पेढा दिला.

तेवढ्यात केरबाची आई, बानाबाई, तिळगूळ घेऊन आली. सत्तरीची, उंच, ताठ. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून झाल्यावर तिची नजर उघड्या डिकीकडं गेली. पुढं इंजिन, मागं वाळूची पोती, मधे दोन रिकाम्या खुर्च्या.

"ही कुनी लादली?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, बानाबाई."

"गुरुजी, तुमी कधी घोडं लादलंय?"

"नाही."

"मंग तुमाला काय म्हनावं." तिनं पदर खोचला. "आमचं बिऱ्हाड घोड्यावर चालायचं. जातं, भांडी, वाकळा, कोंबड्या, लहान कोकरं, समदं येका घोड्यावर. लगीन होऊन आले तवा म्या जात्याचा येक दगड मानंकडं बांधला, येक दगड शेपटीकडं. म्हटलं, सारखं झालं. घोडं वाटंनं वळंना. वळलं तर हेलकांडं खात गेलं आन् वढ्यात बसलं. सासू म्हनली, 'जातं पोटाशी, कोंबड्या शेपटीशी.' जड असंल ते मधी, पोटाजवळ. हलकं असंल ते टोकाला. मंग घोडं तुमी म्हनाल तसं वळतं."

मला माझी चूक दिसली. तुम्हीही करून बघा. काठीच्या दोन्ही टोकांना दोन दगड बांधा, काठी मधोमध धरून मनगटानं फिरवा. आधी फिरत नाही, मग थांबत नाही. तेच दगड मुठीजवळ सरकवा. वजन तेवढंच, पण आता काठी हलक्या हातानं फिरते आणि हवी तिथं थांबते. तराजू खोटा नव्हता. पण तराजू एका जागी टांगलेला असतो, त्याला वळणं घ्यायची नसतात. तीस वर्षं शिकवून जे कळलं नाही, ते मला एका म्हातारीनं तिळगुळाबरोबर दिलं.

केरबा उठला होता. इंजिन आणि खुर्च्या यांच्यामधल्या पत्र्यावर त्यानं हात ठेवला आणि मोजलं. "दीड वीत," तो म्हणाला. "इंजिन दीड वीत मागं घेतो. पोटाशी."

पुढचे दहा दिवस त्यानं पत्रा कापला, वेल्डिंग केलं, नळ्या नव्यानं वळवल्या. चोवीस तारखेला इंजिन आपल्या नव्या जागी बसलं. वाळूची पोती गेली. डिकीत फक्त पान्यांची पिशवी राहिली. बानाबाई म्हणाली, "त्या कोंबड्या."

मग तात्यासाहेब चालवायला बसले, आणि नवीच अडचण उभी राहिली. इंजिन मागं आलं, तसा गरम धुराचा नळ चालवणाऱ्याच्या पायांच्या जागेत शिरला. उरलेल्या फटीत तात्यासाहेबांची पोटरी जाईना. त्यांनी वहाणा काढल्या, श्वास रोखला, धोतर वर घेतलं. नाही ते नाहीच.

गाडी त्यांची, हौस त्यांची, आणि खुर्चीत त्यांनाच जागा नाही. केरबाचा चेहरा उतरला. "पुन्हा कापतो," तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. पुन्हा कापायला दिवस कुठं होते?

तात्यासाहेबांनी धोतर खाली सोडलं. मग म्हणाले, "शर्यतीत मी बैल हाकायचो का? माझा गडी साहेबराव हाकायचा. मी नुसता वरडायचो, तरी लोक बैलं माझीच म्हनायचे." ते गाडीला वळसा घालून डाव्या खुर्चीकडं गेले, आत चढले आणि मांडी घालून बसले. "तू हाक. मी वरडतो."

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि दुपारी आम्ही सगळे दौलताबादच्या माळावर. मी आणि बानाबाई एसटीनं गेलो. रामकिसन आला नाही. तो कधीच जात नसे. "आली तर इथंच येईल," म्हणायचा.

माळावर चार पिंपं उभी केली होती आणि त्यांच्यामधून नागमोडी जायचं होतं. केरबाची पाळी आली. मोटार गुरगुरत निघाली, पहिल्या पिंपापाशी शेपटी बाहेर पडली, आणि मग ते घडलं जे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मोटारीचं तोंड किल्ल्याकडं आणि चाल शहराकडं! धुरळ्याची कमान उठली. दुसऱ्या पिंपापाशी तिनं अंग दुसऱ्या बाजूला टाकलं, अगदी सावकाश, मेंढरांचा कळप वळतो तसं. केरबाशेजारी मांडी घातलेले तात्यासाहेब दोन्ही हात वर करून ओरडत होते, "हाऽऽ! हाऽऽ माझ्या राजा!" बानाबाई हसत माझ्या कानाशी म्हणाली, "बगा, पोटाशी हाय म्हनून."

बक्षीस मिळालं नाही. पंचांनी घड्याळ लावलं होतं, आणि आडवं जायला सरळ जाण्यापेक्षा वेळ लागतो. आमची मोटार शेवटून दुसरी आली. पण घड्याळाकडं तेव्हा कुणी बघत नव्हतं.

खरी गोष्ट परतीच्या वाटेवर होती. पुढचं मला तात्यासाहेबांनी सांगितलं, आणि ते त्यांनी आजवर इतक्यांना सांगितलंय की गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

पडेगाव गेलं. छावणी आली. बाजारात सुट्टीची गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. इंजिन तापलं. त्यानं दोन खोकले काढले आणि बंद पडलं.

केरबानं बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. नळ्या वळवताना पेट्रोलची नळी त्यानं गरम नळाच्या फार जवळून नेली होती. धावत्या गाडीला वारा लागायचा, म्हणून चाललं. गर्दीत वारा नाही, तसं नळीत पेट्रोलाची वाफ झाली आणि पेट्रोल पुढं जाईना.

छावणीतली माणसं मोठी प्रेमळ. बंद गाडी बघून कुणाला राहवतंय? दहा-पंधरा जण धावलेच. "चलो रे, धक्का मारो!"

केरबा दारावरून उडी मारून गाडीमागं गेला आणि हात पसरून उभा राहिला. "हात नका लावू! कुनीच हात नका लावू!"

"अरे भाई," एक पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "धक्के के बगैर कैसे चलेगी? हमकू भी थोडा सवाब, थोडा पुण्य कमाने दो."

"चाचा, तुमच्या पाया पडतो. हात लागला की माझं नाव गेलं."

"नाव?" गर्दी चक्रावली. कुणी म्हणालं, गाडी नवसाची आहे. कुणी म्हणालं, माणसाला ऊन लागलंय, सरबत पाजा.

तात्यासाहेबांनी केरबाला जवळ ओढलं आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "येड्या, रामकिसन इथं कुठं हाय? चार पावलं लोटू दे. कोन सांगनार?"

"दुसरं कोन कशाला पायजे, तात्यासाहेब? मीच सांगनार. तो विचारंल आन् मी सांगंल. मला खोटं बोलताच येत नाय त्याच्याशी."

तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. गंजीत घुसलो तेव्हा या माणसानं तक्रार केली नाही, भोवऱ्यासारखे फिरलो तेव्हा केली नाही. ते म्हणाले, "मग काय पायजे?"

"थंड वल्लं फडकं. मोठं. लई मोठं."

तात्यासाहेबांनी डोक्यावरच्या फेट्याला हात लावला. तो फेटा लेकीच्या लग्नातला होता, जरीकाठी, गुलाबी. त्यांनी तो उतरवला. चहाच्या टपरीवाल्यानं माठ पुढं केला. केरबानं फेटा बुडवून पिळला आणि पेट्रोलच्या नळीला गुंडाळला, वेढ्यावर वेढा, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा. चाचा वरून लोट्यानं पाणी ओतत राहिले. "इतना सवाब तो चलेगा ना?" त्यांनी विचारलं. "चालंल चाचा, पानी चालंल," केरबा म्हणाला, "धक्का नको."

दहा मिनिटं सगळी गर्दी एका नळीकडं बघत उभी होती. मग केरबा आत बसला आणि किल्ली फिरवली. एकदा काही नाही. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन शिंकलं, आणि मग असं ओरडलं की टपरीवरचे कप वाजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी दोन्ही बाजूंना हात हलवून गर्दी बाजूला केली.

गाडी पुंडलिकनगरात आली तेव्हा दिवस मावळायचा होता. मी आणि बानाबाई एसटीनं आधीच परतून गॅरेजात होतो. बॉनेटमधून ओल्या गुलाबी फेट्याचं टोक बाहेर लोंबत होतं. तात्यासाहेब उघड्या डोक्यानं मांडी घालून बसले होते, एखाद्या देवासारखे.

रामकिसन एका टेम्पोखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते. तो बाहेर आलाच नाही.

"लोटली का?" खालून आवाज आला.

"नाय," केरबा म्हणाला. "बंद पडली हुती. छावणीत. पन लोटली नाय. हात कुनाचा लागला नाय. पानी लागलं."

"पानी चालतंय."

टेम्पोखाली थोडा वेळ खुडबुड झाली. मग एक काळा हात बाहेर आला. "मेस्त्री, चौदाचा पाना द्या."

केरबा उभाच. त्यानं मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. दारात फक्त बानाबाई होती.

"मेस्त्री," खालून पुन्हा आवाज आला, "चौदाचा. द्या लवकर, हात दुखायलाय माझा."

केरबानं पिशवीतून पाना काढला आणि टेम्पोखालच्या हातात ठेवला. मग तिथंच जमिनीवर बसला. बानाबाईनं पदराच्या गाठीतून संक्रांतीचा उरलेला तिळगूळ काढला आणि त्याच्या तोंडात घातला. त्याचे हात ग्रीसनं भरले होते ना.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेलो. तो त्या पेट्रोलच्या नळीसाठी नवी वाट शोधत होता, इंजिनात कोपरापर्यंत शिरलेला. मी पेन पुढं केलं.

"तुमीच लिवा, गुरुजी," तो डोकं वर न काढता म्हणाला. "माझे हात काळे हायेत."

मी बॉनेटवर कागद ठेवला आणि रिकामा रकाना भरला.